विश्लेषण : लिपी मिळाली, युनिकोड झाले, ‘पद्मश्री’ही आली, तरी टोटो भाषा मागे का पडते आहे?

पश्चिम बंगालमध्ये ‘टोटो’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बॅटरीवर चालणारी तीन चाकी ई-रिक्षा येते. कोलकात्यापासून सिलिगुडीपर्यंत तिला हेच नाव पडले आहे. याच राज्याच्या उत्तर टोकाला, भूतानच्या सीमेला लागून, टोटो याच नावाचा एक आदिवासी समाज राहतो. त्याची लोकसंख्या दीड हजारांच्या थोडी पुढे आहे. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम आकाराच्या गृहसंकुलात याहून जास्त माणसे राहतात. या समाजाची भाषाही टोटोच. युनेस्कोच्या संकटग्रस्त भाषांच्या नकाशात ती सर्वात धोक्याच्या, म्हणजे ‘अतिसंकटग्रस्त’ गटात आहे. गेल्या दहा वर्षांत या भाषेला स्वतंत्र लिपी मिळाली, ती लिपी युनिकोडमध्ये गेली आणि लिपी तयार करणारे धनीराम टोटो यांना २०२३ मध्ये ‘पद्मश्री’ने गौरवण्यात आले. एवढे सगळे होऊनही टोटो मुलांच्या तोंडी नेपाळी आणि बंगाली वाढतेच आहे. याचे कारण भाषेत कमी आणि गावाच्या सातबाऱ्यात जास्त सापडते.

टोटोपाडा कुठे आहे?

अलिपूरद्वार जिल्ह्यात, मदारीहाटपासून साधारण २२ किलोमीटरवर, बादू डोंगराच्या पायथ्याशी टोटोपाडा आहे. (२०१४ पर्यंत हा भाग जलपाईगुडी जिल्ह्यात होता.) पालघर-नाशिककडच्या वाचकाला ‘पाडा’ हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागणार नाही, बंगालीतही त्याचा अर्थ वस्तीच. पूर्वेला तोर्सा नदी, वर भूतानचे डोंगर आणि खाली गेंड्यांसाठी प्रसिद्ध असलेले जलदापाडा राष्ट्रीय उद्यान. मदारीहाटहून गावात जाताना तीती, हाउरी, बांगरी अशा नद्यांची पात्रे ओलांडावी लागतात. उन्हाळ्यात ती दगडगोट्यांची वाळवंटे असतात, पावसाळ्यात मात्र त्याच पात्रांतून डोंगरावरचे पाणी लोंढ्याने येते आणि गावाचा संपर्क तुटतो.

हा दुरावाच भाषेचा बांध होता. १९०१ मध्ये टोटोंची संख्या होती १७१. पन्नास वर्षांनी, १९५१ मध्ये, ती ३२१ झाली. एवढ्याशा समाजात भाषा टिकली, कारण गावात दुसरे कुणी नव्हतेच. कैजी म्हणजे पुजारी, गापू म्हणजे गावचा मुखिया, इश्पा हा देव आणि नाचणीसारख्या धान्यापासून घरोघरी होणारी ‘यू’ नावाची दारू. या सगळ्यांचा कारभार एकाच भाषेत चाले. बांबू-लाकडाच्या, जमिनीपासून उंच उभ्या केलेल्या घरात आजी, आई आणि नात तीच भाषा बोलत.

अर्थात टोटो जगापासून पूर्ण तुटलेले कधीच नव्हते. १८६५ च्या सिंचुला करारापर्यंत हा द्वार प्रदेश भूतानच्या ताब्यात होता. नंतर तो इंग्रजांकडे गेला तरी टोटोंचा भूतानशी संबंध राहिला. भूतानच्या बागांतली संत्री पाठीवर लादून खाली आणणे हा त्यांचा अनेक पिढ्यांचा रोजगार. म्हणजे दुसऱ्या भाषांचे शब्द कानावर पडणे टोटोंना नवे नाही. परक्यांशी परक्या भाषेत बोलून संध्याकाळी घरी येणे ही एक गोष्ट झाली. परकी भाषा घराच्या ओटीवर येऊन बसते, ती गोष्ट वेगळी.

ही भाषा कोणत्या कुळातली?

बंगाली, नेपाळी, हिंदी आणि मराठी या एकाच भारतीय-आर्य गोतातल्या. टोटो त्या गोतातली नाही. ती चिनी-तिबेटी कुळाच्या तिबेटी-बर्मी शाखेतली आहे. तिची सर्वात जवळची नातलग धिमाल. ही भाषा नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांत आणि आपल्याकडे नक्षलबाडीच्या परिसरात बोलली जाते. भाषाशास्त्रज्ञ या दोघींचा एक छोटासा स्वतंत्र गट मानतात. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०९ च्या खंडातही टोटोची नोंद आहे. थोडक्यात, शंभर वर्षांपूर्वीपासून ही भाषा विद्वानांना ठाऊक आहे. कागदोपत्री नोंद होणे आणि भाषा टिकणे यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो, हे या एकाच उदाहरणावरून दिसते.

कुळ वेगळे असण्याचा एक व्यावहारिक परिणाम होतो. मराठी माणूस हिंदी शिकतो तेव्हा अर्धे शब्द आणि बरेचसे व्याकरण त्याच्या ओळखीचे असते. टोटो मूल शाळेत बंगाली शिकते तेव्हा त्याच्यासमोरची भाषा मुळापासून अनोळखी असते. त्यामुळे पालक घरातच थोडी बंगाली, थोडी नेपाळी बोलू लागतात. मुलाला शाळेत जड जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू. भाषा सोडण्याचा निर्णय कुणी बैठक घेऊन करत नाही. तो अशा लहान लहान सोयींतून होत जातो.

लोक वाढले, मग भाषा का आक्रसली?

लहान भाषा मरतात त्या माणसे संपल्यामुळे, असा एक सोयीचा समज आहे. टोटोंच्या बाबतीत उलटे झाले. १९५१ ते २००१ या काळात त्यांची संख्या तिपटीहून जास्त झाली. १९५०च्या आसपास हा समाज नामशेष होणार अशी भीती होती, ती टळली. धोक्यात आली ती भाषा, आणि त्यामागे जमिनीची गोष्ट आहे.

इंग्रजांच्या काळापासून टोटोपाड्याची जवळपास दोन हजार एकर, म्हणजे आठ चौरस किलोमीटर जमीन टोटो समाजाची सामुदायिक मालमत्ता म्हणून नोंदलेली होती. ती मुखियाच्या नावे असे, पण विकण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. जंगलाचा तुकडा तोडायचा, जाळायचा, दोन-तीन वर्षे मका-नाचणी घ्यायची आणि पुढच्या तुकड्याकडे जायचे, ही शेतीची पद्धत. अशा शेतीला मोकळी जमीन लागते. कागद वाचणाऱ्या महसूल अधिकाऱ्याला मात्र तीच जमीन ‘पडीक’ दिसते.

१९६९ मध्ये जमिनीची नव्याने नोंद झाली. ८९ टोटो कुटुंबांच्या नावे मिळून साडेतीनशे एकरांच्या आसपास जमीन लागली. उरलेली सोळाशेहून अधिक एकर सरकारजमा झाली आणि बाहेरच्यांना वसण्यासाठी खुली झाली. भूमिहीनांना जमीन मिळावी हा त्या काळच्या जमीन सुधारणांचा हेतू होता आणि तो वाईट म्हणता येणार नाही. पण आधीच सामुदायिक मालकी असलेल्या समाजाला तोच नियम लावल्यावर त्याच्या हातात आपल्याच गावाचा सहावा हिस्सा उरला.

बाकीच्या जमिनीवर मुख्यतः नेपाळी भाषक कुटुंबे आली. तीही गरीबच होती. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बंगालमध्ये नेपाळी भाषकांनाही आपल्या भाषेच्या मान्यतेसाठी दीर्घ काळ झगडावे लागले आणि नेपाळीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली ती १९९२ मध्ये. पण टोटोपाड्यापुरते पाहिले तर टोटो आपल्याच नावाच्या गावात अल्पसंख्य झाले. दुकानदार नेपाळी बोलतो, गाडीवाला नेपाळी बोलतो, शेजारच्या अंगणातली मुलेही नेपाळी बोलतात. त्या मुलांपैकी कुणी टोटो शिकण्याचे कारण नव्हते, टोटो मुलांना मात्र नेपाळी शिकण्याची शंभर कारणे होती. दोन भाषा शेजारी राहिल्या की दोन्हीकडचे लोक द्विभाषक होतात, असे पुस्तकात वाचायला मिळते. प्रत्यक्षात ज्याला गरज असते तोच द्विभाषक होतो.

गावातल्या वस्त्यांची नावेही यात बरेच काही सांगतात : मंडलगाव, पूजागाव, सुब्बागाव, पंचायतगाव. टोटोंच्या गावातल्या या वस्त्या शेजारच्या भाषांतल्या शब्दांनी ओळखल्या जातात.

शाळा कोणत्या भाषेत शिकवते?

बंगालीत. गावात माध्यमिक शाळा आहे, ही चांगलीच गोष्ट; एके काळी त्यासाठी नद्या ओलांडून जावे लागे. शाळेमुळे टोटो मुले-मुली पदवीपर्यंत पोहोचली, काही जण सरकारी नोकरीत गेले. पण शाळेचे माध्यम बंगाली, बाजाराची भाषा नेपाळी, मोबाइलवरच्या चित्रफितींची भाषा हिंदी आणि ‘पुढे जायचे तर’ इंग्रजी, अशी चार मजली इमारत मुलासमोर उभी राहते. टोटोला त्यात तळमजलाही मिळत नाही. ती चुलीपाशी, पूजेत, आजीच्या गोष्टीत आणि लग्नाच्या गाण्यात उरते. जिथे नवा शब्द लागत नाही, अशाच जागा तिच्याकडे राहतात.

हे ‘नवा शब्द न लागणे’ नीट समजून घ्यायला हवे. भाषा एका दिवसात जात नाही. ती आधी एकेक खोली रिकामी करते. सर्वसाधारणपणे मोठे आकडे आधी जातात, मग आठवड्याचे वार, महिने, नातेवाइकांच्या हाका, झाडा-पाखरांची नावे. व्याकरण शेवटपर्यंत टिकून राहते, त्यामुळे बोलणाऱ्याला आपण तीच भाषा बोलतो आहोत असे वाटत असते. पुण्या-मुंबईतल्या मराठी मुलाला ‘एकोणसत्तर’ म्हणजे किती असे विचारून पाहावे. प्रक्रिया तीच आहे, फरक आकाराचा आहे. मराठीला आठ कोटींची गादी आहे, एखादी खोली रिकामी झाली तरी वाडा उभा राहतो. दीड हजारांच्या भाषेत घरेच मोजकी. तीनशे-चारशे कुटुंबांतल्या आईवडिलांनी एका पिढीत सवय बदलली की झाले.

रोजगारही बाहेरच आहे. संत्र्यांच्या बागांचे उत्पन्न आटले, शेती थोडकी. तरुण भूतानमध्ये, सिक्कीममध्ये, दक्षिणेतल्या राज्यांत बांधकामावर जातात. तिथे टोटो बोलायला दुसरा टोटो बहुधा नसतोच.

लिपीने नेमके काय साधले?

इथे धनीराम टोटो यांच्या कामाकडे वळायला हवे. राज्य सरकारच्या मागासवर्ग कल्याण खात्यात नोकरी करणाऱ्या या माणसाने टोटोची वर्णमाला तयार केली. बंगालीत लिहिलेली त्यांची ‘धनुआ टोटोर कथामाला’ ही टोटो लेखकाची पहिली कादंबरी म्हणून ओळखली जाते. त्यांची लिपी २०१५ मध्ये लोकांसमोर आली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या युनिकोडच्या १४ व्या आवृत्तीत तिला जागा मिळाली.

स्वतंत्र लिपीची गरज काय, टोटो बंगाली लिपीत लिहिता येणार नाही का, असा प्रश्न पडू शकतो. येते, आणि आधी तशीच लिहिली जायची. पण टोटोत काही स्वर दोन तऱ्हांनी उच्चारले जातात : एक साधा आणि एक श्वास सोडत, ‘ह’ची छटा मिसळून. त्या छटेने शब्द बदलतो. बंगाली लिपीत, किंवा देवनागरीतही, अशा स्वरासाठी वेगळे अक्षर नाही. धनीराम यांच्या लिपीत आहे. चढत्या सुरासाठीही तिच्यात एक खूण आहे. आपल्यासारख्या काना-मात्रा-वेलांट्या मात्र नाहीत. व्यंजन आणि स्वर, प्रत्येकाचे अक्षर वेगळे आणि सगळे डावीकडून उजवीकडे एका ओळीत. भाषेच्या मापाने बेतलेला हा कपडा आहे, दुसऱ्याचा कापून घेतलेला नाही.

युनिकोडचे महत्त्व मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको, कारण आपण तो काळ पाहिला आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एका फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरे, कंस आणि चिन्हे यांची खिचडी दिसे. कारण तो मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नव्हताच; इंग्रजी अक्षरांनाच मराठी वेश चढवलेला होता. युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला आणि ‘क’ सगळीकडे ‘क’ झाला. टोटोच्या ३१ चिन्हांना आता असे क्रमांक आहेत. त्यामुळे टोटो मजकूर साठवता येतो, शोधता येतो, वेबसाइटवर टाकता येतो.

क्रमांक मिळाला म्हणजे अक्षर दिसेलच असे नाही. त्यासाठी फॉन्ट लागतो आणि टंकण्यासाठी कीबोर्ड. गुगलच्या ‘नोटो’ या फॉन्टमालिकेत टोटोचा फॉन्ट आहे. (नोटो या नावाचा अर्थ ‘टोफू नको’, फॉन्ट नसला की पडद्यावर जे रिकामे चौकोन दिसतात त्यांना संगणकवाले टोफू म्हणतात.) पण हा फॉन्ट स्वस्तातल्या फोनवर आधीपासून असेलच असे नाही. नसला तर टोटो लिपीतला संदेश समोरच्याला चौकोनांची रांग म्हणून दिसतो. मग तरुण मुले काय करतात? मिळेल त्या लिपीत, बंगाली किंवा रोमन अक्षरांत, लिहून मोकळी होतात. आपल्याकडची मुले ‘काय करतोस’ रोमन अक्षरांत टंकतात, तसेच.

यातला पेच ऑक्टोबर २०२३ मध्ये स्पष्ट दिसला. भक्त टोटो या बँकेत काम करणाऱ्या गृहस्थांनी जमवलेला टोटो-बंगाली-इंग्रजी शब्दसंग्रह कोलकात्यात प्रसिद्ध झाला. त्यातले टोटो शब्द बंगाली लिपीत छापले आहेत. कारण साधे होते : नवी लिपी वाचता येणारे लोक समाजातच कमी आहेत आणि शब्दकोश तर लोकांनी वापरायला हवा. एकाच भाषेसाठी झटणाऱ्या दोघांचे हे दोन रस्ते आहेत. एकाला भाषेची ओळख वेगळी हवी आहे, दुसऱ्याला ती आज वाचली जायला हवी आहे. दोघांपैकी कुणीही चूक नाही. पण दीड हजार लोकांना दोन लिप्या पेलणे कठीण, आणि शाळा जोवर दोन्हीपैकी एकही शिकवत नाही तोवर हा वाद निकाली निघण्याचीही शक्यता नाही.

स्वतःची लिपी असलेल्या भाषा तरी टिकल्या का?

शेजारच्याच लेपचा भाषेकडे पाहावे. तीही तिबेटी-बर्मी. तिला स्वतःची लिपी अठराव्या शतकापासून आहे, हस्तलिखितांची परंपरा आहे, व्याकरणे आणि कोश आहेत. युनिकोडमध्ये ती २००८ मध्ये गेली. सिक्कीममध्ये १९७७ च्या कायद्याने तिला राजभाषांमध्ये स्थान मिळाले आणि तिथल्या शाळांत ती विषय म्हणून शिकवली जाते. टोटोंनी ज्याची स्वप्ने पाहावीत असे हे सगळे लेपचांकडे आधीपासून आहे. तरीही दार्जिलिंग-कालिम्पोंगमधली अनेक लेपचा कुटुंबे घरात नेपाळी बोलतात आणि युनेस्कोच्या नकाशात लेपचाही संकटग्रस्तच आहे.

भाषा तुलनेने घट्ट राहिली ती उत्तर सिक्कीमच्या झोंगू भागात. हा भाग राजेशाहीच्या काळापासून लेपचांसाठी राखीव आहे. बाहेरच्यांना तिथे जमीन घेता येत नाही. झोंगूतही नेपाळी पोहोचली आहे, पण शेजारी लेपचा, दुकानदार लेपचा, तर बोलणेही लेपचा, हे चक्र तिथे मोडलेले नाही. १९६९ मध्ये टोटोपाड्यात जे गेले, ते झोंगूत राहिले. या दोन गावगाड्यांची तुलना केली की लिपीपेक्षा जमिनीचे पारडे जड दिसते.

आणि संख्या? चीनमधल्या तुजिया समाजाची लोकसंख्या २०१० च्या जनगणनेत ८० लाखांच्या पुढे होती. तुजिया भाषाही चिनी-तिबेटी कुळातलीच. ती मातृभाषा म्हणून बोलणारे उरले आहेत सुमारे ७० हजार, म्हणजे शंभरातला एक जण. बाकीच्यांनी चिनी कधीच स्वीकारली. ऐंशी लाखांचा समाज आपली भाषा गमावू शकतो, तर दीड हजारांच्या समाजात ती अजून घरात ऐकू येते याचेच नवल वाटायला हवे.

‘अतिसंकटग्रस्त’ हा शिक्का बरोबर आहे का?

युनेस्कोच्या व्याख्येप्रमाणे अतिसंकटग्रस्त भाषा म्हणजे जिचे सर्वात तरुण भाषक आजी-आजोबा आहेत आणि तेही ती कधीमधी, तोडकीमोडकी बोलतात अशी. टोटो त्या अवस्थेला गेलेली नाही. तिथे घरांमध्ये लहान मुलांच्या कानावर ती पडते. भाषकांची संख्या फार कमी असल्याने शिक्का एक पायरी पुढचा बसला, असे म्हणायला जागा आहे. शिक्क्याचा फायदा असा की बातम्या होतात, पुरस्कार मिळतात. तोटा असा की ‘आता नोंद करून ठेवा’ ही घाई सुरू होते : ध्वनिमुद्रण करा, शब्द जमवा, संग्रहात ठेवा. केंद्र सरकारची २०१३ पासूनची, म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानामार्फत चालणारी योजनाही मुख्यतः दस्तावेजीकरणाची आहे. ते काम आवश्यकच आहे. पण जिवंत माणसाचे फोटो काढून ठेवल्याने त्याची तब्येत सुधारत नाही.

सरकारी आकड्यांची तऱ्हा तर और आहे. २०११ च्या जनगणनेत पश्चिम बंगालमधील ‘टोटो’ अनुसूचित जमातीची संख्या ६६,६२७ अशी छापली गेली. संसदेतल्या उत्तरांतही हाच आकडा फिरतो. टोटोपाड्यातल्या टोटोंच्या चाळीसपट हा आकडा कुठल्याच तर्कात बसत नाही. दुसरीकडे, भाषांच्या तक्त्यात टोटो अजिबात नाही. १९७१ पासून दहा हजारांपेक्षा कमी भाषक असलेल्या भाषांची नावे जनगणना वेगळी छापत नाही. त्यामुळे २०११ च्या तक्त्यात १२१ भाषा आहेत आणि टोटो ‘इतर’ या रकान्यात विरघळली आहे. डॉ. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात ७८० भाषांची नोंद झाली, ती याच ‘इतर’ रकान्याला दिलेले उत्तर होते. एकाच समाजाची जमात म्हणून चाळीसपट मोजणी आणि भाषा म्हणून शून्य, असा हा हिशेब.

मग करता काय येईल?

राज्यघटनेच्या ३५० अ कलमाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे, ‘शक्य असेल तिथे’ ही पळवाट ठेवून. हे शक्य आहे हे ओडिशाने दाखवले. तिथे २००६-०७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांपासून बहुभाषिक शिक्षण सुरू झाले, पुढे ते २१ भाषांपर्यंत गेले. पहिली काही वर्षे मूल आपल्या भाषेत वाचायला शिकते, मग हळूहळू ओडिया आणि इंग्रजीकडे वळते. त्यासाठी त्या त्या समाजातले शिक्षक घेण्यात आले. टोटोपाड्यासाठी असे करायला फार मोठी फौज लागणार नाही. एक गाव, मोजक्या शाळा आणि गावातलेच काही शिकलेले तरुण. शिक्षक म्हणून पगार मिळणे यालाही इथे वजन आहे. ज्या भाषेने एखाद्याला नोकरी मिळते, ती भाषा मुलांना शिकवायला आईबापांना समजावावे लागत नाही.

अशा वेळी यंत्रणा कशी वागते याचा अनुभव महाराष्ट्रालाही आहे. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा स्वतःच्या बळावर सुरू केली. शिक्षण खात्याला त्यात दिसली ती मान्यता नसलेली शाळा. गोंडी बोलणारे लाखांनी आहेत, तरी ही गत. सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागात आणि पलीकडे मध्य प्रदेशात बोलली जाणारी निहाली तर टोटोहूनही एकाकी. तिला जगात एकही सिद्ध नातलग भाषा नाही, युनेस्कोच्या यादीत ती टोटोच्याच रांगेत आहे आणि ती कोरकू, हिंदी व मराठीपुढे मागे सरकते आहे. तिथे सरकणाऱ्या भाषेच्या शेजारी मराठी उभी आहे, एवढे लक्षात ठेवून टोटोची गोष्ट वाचायला हवी.

जमिनीचा प्रश्न शाळेहून अवघड आहे. अर्ध्या शतकापूर्वी वसलेल्या कुटुंबांना आता कुणी उठवू शकत नाही आणि उठवूही नये. पण उरलेली टोटो जमीन यापुढे हातची जाणार नाही, सामुदायिक जागा, पूजेची ठिकाणे आणि जंगलावरचे हक्क समाजाच्या नावे लागतील, एवढे वनहक्क कायद्याच्या चौकटीतही करता येते. टोटो हे ‘विशेष असुरक्षित आदिवासी गटां’पैकी एक आहेत आणि २००६ च्या या कायद्यात अशा गटांच्या वस्तीस्थानाच्या हक्काची तरतूद आहे. भाषेच्या कार्यकर्त्यांनी लिपीइतकाच या कलमाचाही पाठपुरावा केला तर ते भाषेचेच काम ठरेल.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भदिनांकाची आहे. प्रगणक टोटोपाड्यात येईल तेव्हा प्रत्येक घराला मातृभाषा विचारली जाईल, आणि तिच्याखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषाही. त्या दोन रकान्यांत नेपाळी आणि बंगाली येणार हे जवळपास ठरलेले आहे. पहिल्या रकान्यात आजी-आजोबा टोटो सांगतील. त्यांच्या पाच-सहा वर्षांच्या नातवंडांपुढे घरचे काय सांगतात, ती नोंद या भाषेबद्दल कोणत्याही नकाशापेक्षा जास्त नेमके सांगू शकेल. अर्थात, दहा हजारांची अट कायम राहिली तर ते आकडे पुन्हा ‘इतर’मध्येच जातील.